बाल्कनीतला सोलर: प्लग खोचा आणि विसरा?

फेज_न्यूट्रल: म्युनिककरांचा कालचा धागा वाचून डोकं फिरलं. म्हणे, "दोन पॅनेल कठड्याला बांधले, प्लग खोचला, वीज सुरू. भारतात होत नाही ते मानसिकतेमुळे." अहो, मीटरला मानसिकता नसते! माझ्या मेव्हण्याने ऑनलाइन मागवलेला मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारा डबा, स्वयंपाकघरातल्या पॉइंटला खोचला. दुपारी घरात फक्त फ्रिज चालू. उरलेली वीज बाहेर गेली आणि मीटरने तीही वापरात धरली. बिल वाढून आलं! आपल्याकडचे बरेच साधे मीटर वीज आत येतेय की बाहेर जातेय ते बघतच नाहीत. आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा नेट मीटर घ्या, मग बोला.

म्युनिककर: म्हणजे नियमच चुकलाय ना? इथे जर्मनीत ८०० वॅटचा इन्व्हर्टर, २००० वॅटपर्यंत पॅनेल. २०२४ पासून एक ऑनलाइन नोंदणी केली की झालं. जुनं चकतीचं मीटर उलटं फिरलं तरी नवीन बसेपर्यंत चालवून घेतात.

कडीपत्ता: लोडशेडिंगमध्ये चालेल का एवढंच सांगा.

फेज_न्यूट्रल: नाही. लाइन गेली की इन्व्हर्टर बंद पडलाच पाहिजे, नाहीतर घरची वीज उलटी लाइनमध्ये जाऊन खांबावरचा वायरमन जायचा.

कडीपत्ता: मग काय आरती ओवाळू त्याची?

चौथा_मजला: तुमचं मीटरपर्यंत तरी पोचलं. आमच्या सोसायटीत एनओसीसाठी दीड वर्ष झालं. गच्चीवर पापड चालतात, पॅनेल नाही. बाल्कनीत लावतो म्हटलं तर "एलेव्हेशन बिघडतं". चेअरमनच्या स्वतःच्या खिडकीला दोन फूट बाहेर काढलेलं ग्रिल आहे, त्यात तुळस, मोडकी सायकल आणि मागच्या वर्षीचा आकाशकंदील!

माजी_सेक्रेटरी: एकदा सेक्रेटरी होऊन बघा. आमच्याकडे पॅनेलच्या स्ट्रक्चरसाठी गच्चीच्या स्लॅबला ड्रिल मारलं, पावसाळ्यात ७०२ मध्ये बादल्या. वॉटरप्रूफिंगची वर्गणी मागितली तर निम्मे लोक फोन उचलेनात.

चौथा_मजला: कठड्याला ड्रिल लागत नाही हो! आणि ग्रिलचं काय ते बोला.

माजी_सेक्रेटरी: ग्रिल सुरक्षेसाठी असतं.

चौथा_मजला: सायकलच्या?

म्युनिककर: बरं बाबा, मीटरचं मान्य. तुम्ही सगळे इंजिनिअर, मी नुसता सोळा महिने वीज वापरतोय.

फेज_न्यूट्रल: वापरा की. मेव्हण्याचा इन्व्हर्टर माळ्यावर पडलाय, पुढच्या खेपेला घेऊन जा.