परदेशी पैसा थांबला म्हणून टाळ्या? बालमजुरीच्या प्रकल्पांबद्दल थोडं सविस्तर

निशिगंध

काल ठाणेकर यांची पोस्ट वाचली. थोडक्यात म्हणणं असं: मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने जगभरातल्या बालमजुरी आणि सक्तीच्या मजुरीविरुद्धच्या प्रकल्पांचा निधी एका फटक्यात रद्द केला, हे उत्तमच झालं, इतकी वर्षं त्या पैशावर संस्थांचे परिसंवाद पोसले गेले आणि पोरं होती तिथेच राहिली. खाली 'अगदी मनातलं बोललात' म्हणणाऱ्यांची रांग. तिथे दोन ओळीत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा.

मी कपडा निर्यातीत कामगारविषयक तपासण्यांचं काम करते. पैसा वाया जाताना पाहिलाय. पण तो कुठे वाया गेला आणि कुठे कारणी लागला, हे वेगळं करून बघायचंच नाही का?

बांगलादेश घ्या. १९९२ मध्ये अमेरिकन सिनेटर हार्किन यांनी बालमजुरांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदीचं विधेयक आणलं. ते मंजूर झालंच नाही, पण नुसत्या धाकाने ढाक्याच्या कारखानदारांनी मुलांना काढून टाकलं. अंदाज पन्नास हजारांचा. युनिसेफने १९९७ च्या अहवालात नोंदवलंय की त्यातली कितीतरी मुलं दगड फोडायला, रस्त्यावर, काही तर देहविक्रयात गेली. इथे मदत नव्हती, नुसती धमकी होती. मदत आली जुलै १९९५ च्या करारानंतर. कारखानदारांची संघटना, जिनिव्हातली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना (आयएलओ) आणि युनिसेफ यांनी ठरवलं की शाळेची सोय झाल्याशिवाय मूल कामावरून काढायचं नाही, आणि शाळेत गेलं तर महिन्याला ३०० टाका द्यायचे. आधी शाळा, मग बंदी. हे पैशाशिवाय कसं झालं असतं?

उझबेकिस्तानात तर सरकारच शाळा बंद ठेवून मुलांना कापूस वेचायला न्यायचं, नंतर शिक्षकांना आणि डॉक्टरांना. तीनशेहून जास्त ब्रँडांनी तो कापूस न घेण्याची शपथ घेतली, जागतिक बँकेच्या पैशाबरोबर आयएलओची देखरेख शेतापर्यंत गेली, आणि मार्च २०२२ मध्ये बहिष्कार उठला. जगभरातले बालमजूर २००० साली २४.६ कोटी होते, २०२४ च्या अंदाजात १३.८ कोटी. सगळं श्रेय प्रकल्पांचं नाही. पण 'पोरं होती तिथेच राहिली' हे धादांत खोटं आहे.

माझं म्हणणं एवढंच. पोराला कामावरून उचलून फोटो काढणारा पैसा फुकट गेला. मोठ्यांच्या मजुरीवर आणि माल घेणाऱ्याच्या जबाबदारीवर लागलेला पैसा कामी आला. भांडायचं तर त्यावर भांडू.

ठाणेकर

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तर द्यावंच लागेल. दोन सोयीची उदाहरणं निवडलीत. मी गैरसोयीची देतो.

पाकिस्तानातलं सियालकोट. फुटबॉल शिवणाऱ्या मुलांचे फोटो १९९६ मध्ये छापून आले, फेब्रुवारी १९९७ मध्ये अटलांटा करार झाला. आयएलओ, युनिसेफ, सगळे होते. घरोघरी चालणारं शिवणकाम तपासणी करता यावी म्हणून केंद्रांत हलवलं. परिणाम? ज्या बायका घर सांभाळून शिवायच्या त्यांना केंद्रात जाता येईना, घरातली कमाई गेली. २००६ मध्ये नायकीने तिथल्या मोठ्या पुरवठादाराकडच्या ऑर्डरीच काढून घेतल्या.

कोको. २००१ मध्ये चॉकलेट कंपन्यांनी कोकोतली बालमजुरी संपवण्याचा करार केला, २००५ ची मुदत घेतली, मग मुदती वाढत गेल्या. २०२० च्या शिकागो विद्यापीठाच्या पाहणीत घाना आणि आयव्हरी कोस्टमध्ये कोकोत काम करणारी मुलं १५ लाखांवर. याला यश म्हणायचं?

आणि तुमच्या तपासण्यांबद्दल न बोललेलंच बरं. माझा मेहुणा एका कारखान्यात होता. तपासणीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना कोरे मास्क, नवीन हजेरीपट आणि काय उत्तरं द्यायची त्याचा कागद.

गुरुजी जालना

दोघांनाही एक सांगतो. बालमजुरांसाठीचा 'इंडस' प्रकल्प आठवतो का कुणाला? भारत सरकार आणि अमेरिकेचं कामगार खातं, दोघांचे निम्मे निम्मे, एकूण ४ कोटी डॉलर. आपल्याकडे अमरावती, जालना, गोंदिया वगैरे जिल्हे होते. मी विशेष शाळेत शिकवायला होतो. मुलाला महिन्याला १०० रुपये विद्यावेतन, दुपारचं जेवण, थोडं हातकाम. विडीच्या घरातली एक मुलगी माझ्याकडे अक्षरओळख नसताना आली आणि सरळ पाचवीत दाखल झाली. पुढे नर्स झाली, परवाच तिचा फोन होता. ठाणेकर साहेब, ती तुमच्या मते परिसंवादात मोजायची का?

पण आमचं मानधन विचारू नका. महिनोन् महिने यायचं नाही. मुलांचं विद्यावेतनसुद्धा कधी कधी वर्ष उलटून. अहवाल मात्र इंग्रजीत, रंगीत, वेळेवर जायचे. प्रकल्प संपला तेव्हा आम्हाला साधं अनुभवाचं प्रमाणपत्र मिळालं नाही. आमच्या हक्कांवर कुणी धागा काढत नाही.

शेतकऱ्याचा पोर

मला मुळात व्याख्येचाच त्रास आहे. आम्ही सगळे भाऊबहीण शाळेच्या आधी गोठा, शाळेनंतर खुरपणी, दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचणी असे वाढलो. कुणी मेलं नाही. उलट काम करायची सवय लागली. आता जिनिव्हातला माणूस सांगणार की माझा बाप गुन्हेगार? यांच्या स्वतःच्या पोरांनी पेपर टाकले तर संस्कार, आमच्या पोरांनी शेण उचललं तर शोषण. १३.८ कोटींत असली किती पोरं धरलीत ते आधी सांगा.

निशिगंध

दादा, बहुतेक शेतीतलीच आहेत, साठ टक्क्यांच्या आसपास. पण सुट्टीत वडिलांना हात लावणारं मूल त्यात धरत नाहीत. वय, तास आणि कामाचा धोका बघतात. आपला २०१६ चा सुधारित कायदाही शाळेनंतर आणि सुट्टीत घरच्या धोका नसलेल्या कामात मदतीला मुभा देतो. अडचण उलटी आहे. त्या मुभेच्या आडून पूर्ण दिवसाचं काम लपतं.

फडावरची

मी सहसा लिहीत नाही. पण 'कुणी मेलं नाही' वाचून डोकं फिरलं.

दादा, तुमच्या बापाचं शेत होतं. आमच्या बापाकडं कोयता होता. दसऱ्याच्या आधी मुकादमाकडनं उचल, म्हंजी आगाऊ पैसे घ्यायचे आन् मग सहा महिने साखर कारखान्यासाठी ऊस तोडायला फडात. उचल जोडीला मिळते, नवराबायको मिळून एक कोयता. मजुरी टनावर. मी नऊ वर्षांची असल्यापासून मोळ्या बांधल्या, वाढे, म्हंजी उसाचे हिरवे शेंडे गोळा केले, पहाटे गाडी भरताना खालून मोळ्या दिल्या, धाकट्याला पाचटात झोपवून त्याच्यावर लक्ष ठेवलं. माझं नाव कुठल्या हजेरीवर होतं? कुठल्याच नाही. तपासणीला कुणी आलं असतं तर कागदावर एकही पोर सापडलं नसतं, कारण कागदावर माझी आईसुद्धा नव्हती. नाव बापाचं, तेही मुकादमाच्या वहीत.

आईनं एक दिवस तापानं काम सोडलं की खाडा, म्हंजी दंड. ती भरपाई कुणी करायची? मी. म्हणून शाळा बुडायची. याला 'सवय लागली' म्हणता येत नाही.

शेतकऱ्याचा पोर

ताई, ऊसतोडीचं वेगळं आहे, ते मी कुठे नाकारलं? मी आपल्या घरच्या शेतीबद्दल बोलत होतो. लगेच बापावर जायची गरज नव्हती. आणि खरं सांगायचं तर ऊस उत्पादक पण सुखात नाही. एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, तोडीला टोळी आली की वर वेगळे पैसे मागतात, नाही दिले तर ऊस फडातच वाळतो. आमची बाजू कोण मांडणार?

फडावरची

टोळी वर पैसे मागती, कारण टनाला मिळतं काय ते बघा. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा कुठं २७३ चे ३६६ रुपये झाले. दोन माणसांना. त्यातून उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. तुमचं दुःख खरं असंल. पण तुम्ही कारखान्याच्या गेटवर आंदोलन करू शकता. आम्हाला तर कारखाना ओळखतच नाही. तो म्हणतो, तुम्ही मुकादमाची माणसं.

आन् बायकांचं सांगू? २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. माझी मावशी त्याच वयात, तिशीच्या आत.

बे एरियातून

वाचून वाईट वाटलं. एक सूचना: साखरेच्या पोत्यावर क्यूआर कोड, प्रत्येक फडातलं ट्रेसिंग, ग्राहकाला पारदर्शकता. इथे गालिच्यांवर बालमजूरमुक्त असल्याचं लेबल बघून लोक घेतात. कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा (सीएसआर) निधी सहज उभा राहील.

फडावरची

साहेब, जिथं नावच लिहीत नाहीत तिथं कोड कशाचा काढणार?

ठाणेकर

बघा, हेच मी म्हणत होतो. इतके परदेशी प्रकल्प, इतकी प्रमाणपत्रं, आणि ऊसतोडीत काय फरक पडला? मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये आलंच होतं की कोका-कोला आणि पेप्सिकोला साखर जाते त्या महाराष्ट्रातल्या फडांत हे सगळं चालू आहे. कारखान्याकडे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र असूनही. कायदा आपला, कामगार खातं आपलं, कारखाने आपल्या पुढाऱ्यांचे. मग वॉशिंग्टनकडे कशाला बघायचं? कारखान्यांकडून टनाला १० रुपये घ्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असं गोपीनाथ मुंडेसाहेबांच्या नावाच्या ऊसतोड कामगार महामंडळासाठी ठरलंय ना? तेच नीट वापरा.

निशिगंध

प्रमाणपत्राचा मुद्दा मान्य. मी स्वतः अशा तपासण्या करते आणि पोकळ तपासणी कशी असते ते मला ठाऊक आहे. दोन दिवसांत, आधी कळवून, व्यवस्थापनाच्या खोलीत बसून मुलाखती. त्यातून फड दिसत नाही.

पण तुम्हीच दिलेलं उदाहरण तुमच्याविरुद्ध जातं. ती गोष्ट जगासमोर आली कारण माल घेणारा परदेशी होता आणि त्याला विचारणारा कुणीतरी होता. इथली कामगार खाती इतकी वर्षं कुठे होती? २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा ही कपडा कारखान्यांची इमारत कोसळली, ११३४ माणसं गेली. त्याआधी तिथेही तपासण्या होत होत्याच. फरक पडला त्यानंतरच्या करारामुळे. तो ब्रँडांवर कायद्याने बंधनकारक होता, कामगार संघटनांची त्यावर सही होती, आणि इमारत दुरुस्त केली नाही तर ऑर्डर बंद. तसा करार ऊसतोडीत करा म्हणून मी भांडतेय.

आणि पैसा परदेशी म्हणून वाईट, हे कसं? शांता सिन्हा यांच्या एमव्ही फाउंडेशनने तेलंगणातल्या रंगारेड्डीच्या गावागावांत हजारो मुलं शेतमजुरीतून काढून पूर्णवेळ शाळेत नेली, त्यालाही बाहेरची मदत होती. त्यांची भूमिका साधी: शाळेत नसलेलं प्रत्येक मूल मजूरच. दिशा गावाची, पैसा कुणाचा का असेना.

गुरुजी जालना

एमव्हीच्या कामाबद्दल ऐकून होतो. आमच्याकडे ऊसतोड्यांच्या मुलांसाठी कारखान्याजवळ साखरशाळा होत्या, मग २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा आला, हंगामी वसतिगृहं आली. मूल गावातच ठेवायचं, जेवण द्यायचं. कल्पना चांगली. पण मंजुरी येईस्तोवर टोळ्या निघून गेलेल्या असतात. दिवाळीनंतर वसतिगृह सुरू करून उपयोग काय? आणि तिथेही स्वयंपाकीणबाईंचे पैसे थकलेले.

फडावरची

वसतिगृहात मुलींना ठेवायला आईबाप घाबरतात गुरुजी, हे पण लिहा. आजी नसंल तर कुणाच्या भरवशावर?

ठाणेकर

ठीक आहे, निधी रद्द झाला ते 'उत्तमच झालं' हे शब्द मागे घेतो. बाकी मत तेच. कामगाराचं नाव आपल्याच सरकारने लिहावं, त्यासाठी अमेरिकन डॉलर लागत नाही.

फडावरची

लागत नसंल तर लिहा की. यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आत बायकोचं नाव वेगळं, खातं वेगळं, आन् कारखान्याचा शिक्का असलेलं ओळखपत्र. माझ्या दोन्ही वहिन्या अजून जातात.