डॉलिशची समुद्राकाठची रेल्वे: भिंत कुठून फुटली आणि दोन महिन्यांत पुन्हा कशी उभी राहिली?

सागरवाट:
इंग्लंडच्या डेव्हनमध्ये डॉलिशला 4 फेब्रुवारी 2014 च्या रात्रीच्या वादळात रेल्वेलगतची सागरी भिंत फुटली आणि रूळ स्लीपरसकट हवेत लोंबकळत राहिले. ते फोटो बऱ्याच जणांनी पाहिले असतील. प्लिमथ आणि कॉर्नवॉलकडे जाणारा मुख्य मार्ग तोच. 4 एप्रिलला त्याच जागेवरून गाड्या पुन्हा धावल्या.

मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. एवढी जाड दगडी भिंत नेमकी कुठून गेली, पायातून की वरून? तात्पुरत्या बचावासाठी जहाजी कंटेनर का ठेवले, मोठे दगड का नाही? आणि गाड्यांच्या वजनाखाली खचणार नाही असा भराव इतक्या लवकर कसा बसतो? आपल्याकडच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांतही मागचा भराव वाहून जातो ही कायमची तक्रार आहे, म्हणून आकडे-मापांसह लिहिलंत तर फार बरं होईल.

पायाखालचा_खडक:
समोरून लाट आदळली आणि भिंत पडली असं आपल्याला वाटतं, पण अशा भिंती बहुतेक वेळा पाठीकडून जातात.

लाट डोक्यावरून येऊ लागली की पहिला जातो पॅरापेट, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरचा कठडा. तो गेला की प्रत्येक लाटेचं पाणी थेट रुळांखालच्या खडीत उतरतं. खडी पाणी निचरण्यासाठीच टाकलेली असते, त्यामुळे ती काहीच अडवत नाही. खालच्या भरावातली बारीक माती आणि वाळू पाण्याबरोबर निघू लागते. भिंतीमागे 3 मीटर पाणी साचलं तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे 45 किलोन्यूटन, म्हणजे साडेचार टनांचा जोर येतो. लाट ओसरते तेव्हा समोरचा दाब एका क्षणात नाहीसा होतो आणि मागचा तसाच राहतो. भिंत समुद्राकडे ढकलली जाते ती त्याच वेळी.

दुसरं कारण पायथ्याशी. हिवाळी वादळांत किनाऱ्यावरची वाळू वाहून जाते आणि एरवी झाकलेला पाया उघडा पडतो. उभ्या भिंतीवर आपटून परतणारी लाट स्वतःच पायथा खणते. पायाखाली एक पोकळी झाली की भराव वरूनही जातो आणि खालूनही. म्हणून ‘पायातून की वरून’ याचं उत्तर दोन्हीकडून असंच आहे. डॉलिशला रिव्हिएरा टेरेससमोर 80 ते 100 मीटरचा तुकडा असा गेला.

ही मूळ बांधणी इसंबार्ड किंगडम ब्रुनेल यांची, मार्ग 1846 मध्ये सुरू झाला. त्यानंतर ही भिंत कितीदा तरी डागडुजी झालेली आहे. जुनं आणि नवं काम जिथे जुळतं ते सांधे सगळ्यात कच्चे असतात. भगदाडाच्या कडा तपासताना सुरुवात तिथून करावी.

ओहोटीची_वेळ:
कंटेनरबद्दल लिहितो. पहिल्या काही दिवसांत काम भिंत बांधण्याचं नसतंच. भगदाड वाढू न देणं एवढंच काम. डॉलिशला आधी उघड्या पडलेल्या भरावावर काँक्रीट फवारलं, आपल्याकडे ज्याला गनायटिंग म्हणतात तसं. मग समोर कंटेनर रांगेने ठेवून, त्यांत दगड भरून, एकमेकांना वेल्डिंगने जोडले.

मोठे दगड का नाही? एक तर ते आणायचे कुठून. रेल्वे तुटलेली, गावातले रस्ते अरुंद, समुद्र खवळलेला असल्यामुळे बार्ज (सपाट तळाची मालवाहू बोट) जवळ येत नाही. शिवाय दगडांच्या राशीला उतार लागतो. 4 मीटर उंची आणि 1 ला 2 उतार धरला तर नुसता समोरचा पाय 8 मीटर पुढे जातो, आणि पुढे मजुरांना व यंत्रांना उभं राहायला जागा हवी असते. कंटेनर उभ्या कडेचा असतो, थोड्या जागेत मावतो.

20 फुटी कंटेनर रिकामा सव्वादोन टनांच्या आसपास, आतलं घनफळ सुमारे 33 घनमीटर. दगड भरला की 50 टनांच्या घरात जातो. म्हणून तो रिकामाच क्रेनने जागेवर बसवायचा आणि मग भरायचा. भरून उचलायचा विचारही करू नये. बसवण्याआधी तळ सपाट हवा. खाली एखादा दगड टेकला तर कंटेनर डुलतो आणि वेल्ड तुटतात. त्याची पत्र्याची भिंत दोनेक मिलिमीटरची. आत दगड सैल राहिले तर लाटेबरोबर हलतात आणि पत्रा आतूनच फाडतात. त्यामुळे मोठ्या दगडांमधल्या फटी लहान दगडांनी दाबून भराव्या लागतात. इतकं करूनही 14 फेब्रुवारीच्या वादळाने डॉलिशच्या रांगेत भगदाड पाडलं आणि भिंतीचं नुकसान वाढलं. कंटेनर काही आठवडे वेळ मिळवून देतो. त्यापेक्षा जास्त भरवसा ठेवू नये.

सागरवाट:
दोघांचेही मनापासून आभार, पाठीकडून जाण्याचा मुद्दा आता पक्का कळला. भराव आणि रुळांबद्दल कोणी सांगेल का?

गिट्टी_टॅम्पिंग:
दुरुस्तीसाठी सुमारे 6,000 टन काँक्रीट आणि 150 टन पोलाद लागलं. म्हणजे काँक्रीट अंदाजे 2,500 घनमीटर. सगळं एकाच ठिकाणी गेलं नसेल, तरी 100 मीटरला वाटलं तर दर मीटरला 25 घनमीटर येतं. एवढं काँक्रीट नुसत्या भिंतीत मावत नाही. जिथे माती होती तिथलाही मोठा भाग काँक्रीटनेच भरला, असा त्याचा अर्थ. पोलाद दर घनमीटरला 60 किलोच्या आसपास, म्हणजे मुख्यतः वजनावर उभं राहणारं काम. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे: काँक्रीट खचत नाही आणि लाटेने धुपतही नाही.

ओतण्याचं वेळापत्रक समुद्र ठरवतो. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे पायथ्याचं काम आज दुपारी तर आठवड्याने रात्री. खडकापर्यंत साफ करायचं, सैल तुकडा एकही ठेवायचा नाही, छिद्रं पाडून खडक आणि काँक्रीट जोडणाऱ्या डॉवेल सळया बसवायच्या, आणि पाणी परत येण्याआधी त्या थराला पकड आलेली हवी. पुढच्या थराआधी पृष्ठभागावरची सिमेंटची साय आणि वाळू जोरकस गोड्या पाण्याने खरवडून काढायची. हे राहिलं की कोल्ड जॉइंट, म्हणजे दोन थर एकजीव न झालेला सांधा, पडतो आणि पुढच्या वादळात पाणी तिथूनच आत शिरतं. सळईच्या कामाला आपल्या आयएस 456 या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात किमान एम 40 प्रतीचं काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण 0.40 पेक्षा जास्त नाही आणि सळईवरचं काँक्रीटचं कव्हर 75 मिमी.

जिथे मातीचा भराव करावाच लागतो तिथे दाणेदार मुरूम किंवा खडी, 200 ते 300 मिमीचे थर, प्रत्येक थरावर कॉम्पॅक्टर. मागे जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), भिंतीत वीप होल, म्हणजे पाणी निचरण्याची भोकं. वीप होलच्या तोंडाशी फिल्टर नसेल तर पाण्याबरोबर तुमचा भरावही तिथूनच बाहेर जाईल. बंधाऱ्यांची जी तक्रार तुम्ही लिहिलीत, तिथे पहिल्यांदा हेच बघा.

रुळांचं काम त्यामानाने सोपं. स्लीपरखाली 300 मिमी खडी, टॅम्पिंग (यंत्राने स्लीपरखाली खडी दाबून बसवणं) दोन-तीन फेऱ्यांत, सुरुवातीला वेगमर्यादा. एक गोष्ट मात्र विसरू नये. ब्रिटनमध्ये सलग जोडलेल्या रुळाचं ताणमुक्त तापमान, म्हणजे रूळ ना ताणलेला ना दाबलेला असतो ते, 27 अंश धरतात. मार्चमध्ये रूळ 7 अंशांवर असेल तर 100 मीटरला 23 मिमी ताणूनच वेल्ड करावा लागतो. तसाच जोडला तर उन्हाळ्यात वाकडा होणार.

पायाखालचा_खडक:
थोडी भर. डॉलिशच्या भिंतीचं काम चालू असतानाच मार्चच्या सुरुवातीला शेजारच्या टिनमथ गावाच्या बाजूला कड्याचा सुमारे 20,000 टनांचा भाग सरकला. तांबडा वालुकाश्म, आत पाणी मुरलेलं. खाली माणसं लावण्याऐवजी समुद्राचं पाणी पंपाने जोरात मारून सैल माती मुद्दाम खाली आणली. समुद्राच्या बाजूची भिंत कितीही भक्कम केली तरी डोंगराच्या बाजूचं पाणी सोडवलं नाही तर मार्ग बंदच राहतो. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात कटिंगचं, म्हणजे डोंगर कापून केलेल्या मार्गाचं, दुखणं असतं ते याच जातीचं.

कायमची भिंत नंतर आली: पहिला टप्पा 360 मीटर, 2020 मध्ये पूर्ण, दुसरा 415 मीटर, 2023 मध्ये. उंची 8 मीटर, जुन्या भिंतीपेक्षा अडीच मीटर जास्त. जमिनीत खोल रोवलेल्या पाइलवर तयार पॅनेल, मागे काँक्रीट, आणि माथा समुद्राकडे वळवलेला, म्हणजे वर चढलेलं पाणी परत समुद्रात फेकलं जातं. तो वळणदार माथा कमी उंचीत जास्त पाणी थोपवतो, पण लाटेचा वर उचलणारा जोर त्याच्या ओठावर येतो. म्हणून माथ्याचे तुकडे नुसते ठेवून चालत नाही, खालच्या काँक्रीटमध्ये सळयांनी बांधावे लागतात. गावातल्या घरांना आणि किनाऱ्यावरच्या पायवाटेलाही त्याच भिंतीचा आडोसा मिळतो.

ओहोटीची_वेळ:
आणि केबल. सिग्नलच्या केबल समुद्राच्या बाजूला कधीच ठेवू नयेत, भिंतीबरोबर त्याही जातात. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या खडीतून ट्रॅक सर्किटचा (रुळांतून वीज सोडून गाडी ओळखणारी यंत्रणा) प्रवाह गळतो आणि रूळ रिकामा असतानाही गाडी आहे असं दिसतं. अशा पट्ट्यात गाडीच्या चाकांचे आस मोजणारे ॲक्सल काउंटर बरे. रुळाचा तळचा भाग आणि क्लिपा गंजतात त्या खडीच्या आत, वरून दिसत नाहीत, तेव्हा पाहणीच्या वेळी दर काही स्लीपरांमागे एकेका ठिकाणी खडी बाजूला सारून बघा.