ल शाँबों-स्युर-लिन्यों: पठाराचा वाटा
दुसऱ्या महायुद्धात ज्यू निर्वासितांना आसरा देणाऱ्या ल शाँबों-स्युर-लिन्यों या फ्रेंच गावाच्या कामगिरीचे सारे श्रेय अनेकदा तेथील पाद्री आंद्रे त्रोक्मे यांना दिले जाते. त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे, पण त्या भूमीचाही त्यात वाटा आहे. सुमारे १००० मीटर उंचीच्या पठारावर रानात विखुरलेली दगडी शेतघरे आणि हिवाळ्यात बर्फाने अडणाऱ्या वाटा यांमुळे माणसे लपवणे तुलनेने सोपे गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना धर्मपालनाची मुभा देणारा नांतचा जाहीरनामा रद्द केल्यावर तेथील प्रोटेस्टंट शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी रानावनात चोरून प्रार्थना केल्या होत्या आणि त्या छळाची आठवण घराघरांत जिवंत होती. १९९० मध्ये याद वाशेम या इस्रायलच्या ज्यू-संहार स्मारक संस्थेने गावासह आसपासच्या वस्त्यांनाही गौरवले, हे मला अत्यंत उचित वाटते.