डिटेक्टर घेऊन शेतं उकरणाऱ्यांना इतिहासप्रेमी म्हणायचं का?

गोपकपट्टण :
काल इथं एकानं फोटो टाकला. गोवा वेल्हाजवळच्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवून काढलेली अकरा नाणी, चिंच लावून लख्ख घासलेली. खाली ओळ : ‘सरकार झोपलंय, इतिहास आम्ही वाचवतोय.’ वर शाबासक्यांचा पाऊस. मला काही गप्प बसवेना, तेव्हा लांबण लावतोय, चालवून घ्या.

तिथं कदंबांचं, म्हणजे गोव्याच्या जुन्या राजघराण्याचं, बंदर होतं. नाणं किती खोल होतं, खापरांत होतं की चुन्याच्या जमिनीवर, शेजारी चिनी भांड्याचा तुकडा होता का, यावरूनच तर कळायचं की बंदर कधी गाळानं बुजलं आणि वस्ती कधी उठली. खड्डा मारून उचललंत की उरतं ते तांबं. वर चिंचेनं घासून त्याचा हिरवा थरही घालवलात, आता अक्षरंसुद्धा अर्धी.

जुन्या गोव्याच्या सेंट ऑगस्टिन मठाच्या पडक्यात जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी कशा ओळखल्या? कुठल्या खिडकीपाशी ठेवल्या ते पोर्तुगीज कागदांत होतं, तिथंच त्या सापडल्या. हैदराबादला डीएनए जुळला तो 2013 मध्ये, नंतर. कुणी हौशी माणसानं ते हाड आधीच घरी नेलं असतं तर आज ते कुणाचं, हे विचारायची सोय नव्हती.

तांबडी_माती :
फोटो माझाच. नाव न घेता सुनावलंत, आभारी आहे.
ते शेत दरवर्षी पॉवर टिलरनं उलटंपालटं होतं. माझं यंत्र वीतभर, फार तर हातभर खोलीचं सांगतं. त्या मातीत कसला थर शिल्लक असणार? पहिल्या पावसात वाहून आलेलं नाणं बांधावर पडलेलं पोरं उचलतात, तेव्हा तुमचं काळीज हलत नाही. मी मशीन घेतलं की लगेच दरोडेखोर!

गोपकपट्टण :
बरं, नांगरटीच्या मातीपुरतं तुझं खरं धरू. पण आपली माती लोखंडानं भरलेली, चिऱ्याच्या कपचीवरही ते यंत्र कोकलतं. अकरा नाण्यांसाठी खड्डे किती मारलेस? त्यातले नांगराच्या खाली किती गेले? आणि त्यातलं एकही नाणं कुठल्या कोपऱ्यातलं, हे लिहून ठेवलंस का?

तांबडी_माती :
मातीप्रमाणे यंत्र जुळवून घेता येतं. वापरलं असतंत तर माहीत असतं. बाकी चौकशी पोलिसांना करू द्या.

पेन्शनर_मास्तर :
पोलिसांचं तूच काढलंस म्हणून सांगतो. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून जिवंत आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा! आज त्यात चहा-पाव येत नाही, पण कायदा म्हणजे कायदा. कळवलं नाहीस तर तुझा वाटा सरकारजमा, वर वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड. संरक्षित स्मारकाच्या आवारात खणलंस तर तो गुन्हा वेगळाच. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं परदेशी धाडणं 1972 च्या कायद्यानं बंद, हेही लक्षात असू दे.

तांबडी_माती :
मास्तर, त्याच कायद्याचं पुढचं कलमही वाचा की. सरकारला ठेवा घ्यायचा झाला तर देतं काय? धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे सप्तकोटीश्वराचं नाव असलेला कदंबांचा गद्याण, म्हणजे सोन्याचं नाणं, नेऊन दिला, तर सोनाराचा भाव अधिक वीस टक्के. लिलावात त्याला काय येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्लंडात 1996 चा कायदा आहे, तिथं संग्रहालय बाजारभाव मोजतं, शोधणारा आणि जमीनमालक वाटून घेतात. म्हणून तिथले लोक आपणहून आणून देतात. आपल्याकडे प्रामाणिकपणाला दंड, मग सगळं जातं भंगारवाल्याकडे.

पेन्शनर_मास्तर :
पाचव्या हिश्श्याचं म्हणतोस ते बरोबर आहे. तो कायदा कधीच बदलायला हवा होता. पण इंग्लंडातही संरक्षित जागेवर असलं यंत्र चालत नाही, ते सोयीनं गाळलंस!

काजूबाग_सत्तरी :
कोण आणून देत नाही म्हणता? 2023 मध्ये आमच्या नानोड्यात काजूच्या बागेत 832 तांब्याची नाणी मिळाली. शेतकऱ्यानं सरकारच्या हवाली केली. डिटेक्टर नव्हता, लिलाव नव्हता.
आमच्या आज्याला परसात लोटका मिळालेला, आत शिवराई नाणी. आजीनं भीतीनं तो विहिरीत टाकायला लावला, पुरलेलं धन घरात ठेवलं तर वंश बुडतो म्हणे. घरात आजही त्यावरून भांडण होतं. तरी लोटका कुठं मिळाला हे सगळ्यांना पाठ आहे, अमक्या फणसाच्या मुळाशी. ह्या यंत्रवाल्यांना तेवढंही सांगता येत नाही.

दिवाडकर :
तुमचं चालू दे. अकरा नाण्यांवरून रडताय, इकडे जेसीबी एका सकाळीत आख्खा डोंगर खातोय. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीजवळ बंगला उभा राहिला, लोक रस्त्यावर बसले, विसरलात? स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधायचं नाही हा नियम कागदावर. आमच्या वाड्यावर कुंपणासाठी पाया खणला, चांगली घडीव चिऱ्यांची भिंत लागली. मी हात जोडले, ठेकेदार म्हणाला, ‘चिरे फुकट मिळाले.’ दुपारपर्यंत कुंपणाच्याच पायाभरणीत घातले. त्याला विचारा थर कुठे!

डिचोलकर :
डोंगराचं आम्हाला सांगू नका. आमच्याकडे खाणींनी गावच्या गाव पोखरले. तेव्हा ट्रकांवर कर्जं काढणारे कोण होते? आता इथं जमिनी घेणाऱ्या दिल्लीवाल्यांच्या नावानं बोंब. जमिनी त्यांनी चोरल्या नाहीत, आपल्याच माणसांनी विकल्या.

दिवाडकर :
ट्रक तुमच्या गावात होते, माझ्या नव्हे. मी एक वीत विकलेली नाही.

डिचोलकर :
तुझ्या काकानं विकली, ती कुणी विसरलेलं नाही.

दिवाडकर :
काकाचं नाव काढायचं काम नाही! समोर येऊन बोल, नसेल तर गप्प बस.

पेन्शनर_मास्तर :
अरे, दम धरा दोघेही. पणजी बांधायला जुन्या गोव्याचे पडके वाडे सोलून चिरे नेलेच होते. 1843 ला राजधानी अधिकृतपणे हलली तोवर अर्धं शहर असंच गेलेलं. हा रोग दिल्लीहून आलेला नाही.

दिवाडकर :
म्हणजे जुनी चोरी आहे म्हणून नवी माफ?

गोपकपट्टण :
तेच मी डिटेक्टरबद्दल म्हणतोय, बाबा. जेसीबीवर तक्रार कर, मी सही करतो. त्यानं अकरा नाणी पवित्र होत नाहीत. उलट पाया खणताना जे वर येतं ते बघायला गावात चार जाणती माणसं हवीत, आणि ह्याच्यासारखे तिथं जाण्याऐवजी रविवारी शांत शेतं शोधतात.

तांबडी_माती :
बोलावलंत कधी? मी एका कार्यालयात स्वतः नाणी दाखवायला गेलो होतो. टेबलावरच्या माणसानं आधी विचारलं, ‘हे तुझ्याकडे आलं कुठून?’ दुसरा प्रश्न नाही, पावती नाही. बाहेर पडून घाम पुसला. पुन्हा जाईन असं वाटतं तुम्हाला?

गोपकपट्टण :
ते वाईटच झालं, यात वाद नाही. आता एवढं कर. शेताचा सर्व्हे नंबर, बांधापासूनचं अंतर, खोली, आठवतं तेवढं आज रात्री लिही. आणि राहिलेली नाणी घासू नकोस.

काजूबाग_सत्तरी :
आधी हे सांग, मालकाला विचारलं होतंस?

तांबडी_माती :
मालक लिस्बनला. तिकीट काढून द्या, विचारून येतो.

काजूबाग_सत्तरी :
आणि कूळ?

तांबडी_माती :
कूळ माझा सख्खा मामा.

पेन्शनर_मास्तर :
अरे वा. कायद्याप्रमाणे तीन हिस्से शोधणाऱ्याचे, चौथा मालकाचा. मामाला शून्य. हे मामाला सांगितलंस का?

तांबडी_माती :
मामा इथं वाचतोय, मास्तर. कशाला पेटवता?