पणजोबांच्या मागे भिंत! वंशावळीसाठी साइट, अ‍ॅप, कागद काय काय सुचवाल?

चिंचेचा पार
मंडळी, सल्ला हवाय. गाव वाई तालुक्यात, मी पुण्यात. वडिलांच्या पिढीतले आता दोघंच उरलेत, म्हणून यंदा वंशावळ नीट मांडायला घेतली. पणजोबांपर्यंत नावं तोंडपाठ, त्यामागे काहीच नाही. पणजीचं तर माहेरही कुणाला आठवत नाही. पणजोबांचा धाकटा भाऊ पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर "बसऱ्याला गेला तो गेलाच", एवढंच घरात बोललं जातं.

एका परदेशी साइटवर झाड बनवलं. चार दिवसांत तिने पणजोबांना विदर्भातल्या कुणाच्या तरी झाडाला जोडून टाकलं, का तर नाव-आडनाव एक. फुकटचा महिना संपला आणि कार्डावरून अख्ख्या वर्षाचे पैसे गेले ते वेगळेच. तर खरंच उपयोगाचं काय आहे? आणि जुन्या कागदांवरची मोडी लिपी मला येत नाही.

निवृत्त भाऊसाहेब
तलाठी म्हणून नोकरी झाली, त्यामुळे मी कागदावरूनच बोलणार. झाडाच्या साइटी नंतर बघा, आधी जमीन.

"आपले अभिलेख" नावाचं शासनाचं पोर्टल आहे. खातं उघडा, जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार आणि गट किंवा सर्व्हे नंबर टाका. जुने हातानं लिहिलेले सातबारे आणि फेरफार (जमिनीवरच्या नावांत झालेल्या बदलांच्या नोंदी) स्कॅन करून ठेवलेत. थोडं शुल्क पडतं. सगळ्या गावांचं सगळं तिथे मिळेलच असं नाही. नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा.

जुन्या सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. नावाला कंस केला असेल तर ते नाव कमी झालंय. लोक कंसातली नावं सोडून देतात, तुम्ही तीच आधी वाचा. वारसाच्या फेरफारात कोण कधी मयत झाला, मागे कोण कोण, नातं काय, सगळं येतं. एक फेरफार मागच्या फेरफाराकडे नेतो, असं उलटं चालत जायचं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर लेकींची नावंही वारसांत यायला लागली. पुढे त्यांचं हक्कसोडपत्र झालं असेल तर सासरचं नाव-गावही हाती लागतं.

एक गंमत. एकजण माझ्याकडे वंशावळ घेऊन आला, त्यात पूर्वजाचं नाव "अपाक". अहो, ते अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता! वारस अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, असला की असं लिहितात, पुढे बहुधा आईचं नाव. म्हणजे बाप लवकर गेला हे कळलं, आणि आईचं नाव फुकटात मिळालं. तसंच ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर.

मोडीवेडी
भाऊसाहेबांना अनुमोदन. भर घालते ती गाव नमुना १४ ची, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, कोतवाल बुक म्हणतात ती. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना याच वह्या मोठ्या प्रमाणावर उघडल्या गेल्या, आणि अनेक जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर तालुका-गावनिहाय स्कॅन चढले. तुमचा त्या विषयाशी संबंध असो-नसो, गावाची फाइल उघडून बघाच. बऱ्याच ठिकाणी आख्खं पान स्कॅन केलंय, त्यामुळे आजूबाजूच्या ओळींतली इतर घराणीही दिसतात.

मोडीचं म्हणाल तर मोबाइल ती वाचून देईल या भ्रमात राहू नका. २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्ये आली, फॉन्ट आहेत, अक्षरमुख नावाच्या साइटवर देवनागरीचं मोडी करून मिळतं. पण ते सगळं टंकलेल्या अक्षरांचं. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने घाईत ओढलेली ओळ माणसानेच वाचायची. तुम्हाला बखरी वाचायच्या नाहीत, नावं आणि आकडे ओळखायचेत. रोज अर्धा तास दिलात तर दीड-दोन महिन्यांत जमेल. अक्षरमुखमधून स्वतःच्या घराण्यातली दहा नावं मोडीत काढून भिंतीवर चिकटवा. मी तेच केलं होतं.

आणि आडनाव शोधत बसू नका. "रामा बिन गणू" असं असतं, बिन किंवा वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. "भागा कोम रामा" म्हणजे रामाची बायको. सालं जुन्या कालगणनांत असतात; इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा, फसलीत ५९०, सूर सनात ५९९; वर्षाच्या कुठल्या टोकाला नोंद आहे त्यावर एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

पूर्णाकाठ
मराठवाड्यातलं कुणी हा धागा वाचत असेल तर: १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, मागा. त्याआधीचं बरंचसं निजामाच्या काळातलं, उर्दूत. मोडीवाल्यांइतकेच उर्दूवालेही शोधून ठेवा.

शिकागोची सून
झाड ठेवायला ग्रॅम्प्स नावाचं सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, स्वतःच्या संगणकावर राहतं, देवनागरी नावं नीट घेतं. वर्गणी नाही, त्यामुळे कार्डाचीही भीती नाही. कुठलंही वापरलंत तरी गेडकॉम फाइल (झाड एका साइटवरून दुसरीकडे न्यायची फाइल) अधूनमधून उतरवून ठेवा, म्हणजे साइट बदलली तरी झाड आपल्याकडे राहतं.

फॅमिलीसर्च ही साइटही फुकट. मॉर्मन चर्चची आहे. तिथे हरिद्वार वगैरे तीर्थांच्या पंड्यांच्या वह्यांचे फोटो आहेत, पण नाव टाकलं की उत्तर आलं असं समजू नका, पानं उलटावी लागतात. तिथलं झाड सगळ्यांचं मिळून एकच असतं. गेलेल्या माणसांची माहिती कुणीही बदलू शकतं. माझ्या आजेसासऱ्यांची दोन लग्नं कुणीतरी परस्पर लावून दिली होती! म्हणून तिथे बघते, पण लिहीत नाही.

वाईकडचे लोक नाशिक-त्र्यंबकला जायचेच. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या गाव आणि आडनावावरून लावलेल्या असतात. त्यासाठी मात्र प्रत्यक्ष जावं लागेल, आणि दक्षिणा.

पलटण
बसऱ्याबद्दल. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर मोफत शोधता येतं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, आणि त्यातले पुष्कळ एप्रिल १९१६ मध्ये कुत-अल-अमाराला शरण जावं लागलं तेव्हा तिथे होते. बसरा स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, नुसते आकडे. नावं साइटच्या यादीत शोधायची. इंग्रजी स्पेलिंगचा भरवसा धरू नका. नावाऐवजी जादा माहितीच्या रकान्यात सातारा, वाई असं शोधा. अनेक नोंदींत बापाचं नाव आणि गाव दिलेलं असतं. तुमच्या बाबतीत बापाचं नाव म्हणजेच खापरपणजोबा.

माजघर
एवढ्या साइटी सांगितल्या, पण माळ्यावरची भांडी बघितलीत का? लग्नातल्या आहेराच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात. अक्षरं झिजली असतील तर कोरडी कणीक चोळून वरून पुसायचं, खाचेत पीठ राहतं. मग मोबाइलचा टॉर्च आडवा धरून फोटो.

चिंचेचा पार
मंडळी, शनिवारी गावी जाऊन आलो. युद्धाच्या यादीत जुळणारं अजून काही नाही. दोन फेरफार मागवलेत. पण माजघर, तुम्हाला साष्टांग! तांब्याची घागर निघाली. कणीक चोळल्यावर स्पष्ट दिसलं: "मौ. ओझर्डे, शके १८३४". म्हणजे १९१२-१३, पणजीच्या लग्नाच्याच सुमाराचं. देणाऱ्याचं नाव होतं तिथे नेमका पोचा आलाय.

निवृत्त भाऊसाहेब
म्हणजे पणजीचं माहेर बहुधा ओझर्डे. ते तुमच्याच तालुक्यात, मग सोपं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. तुमचे आजोबा थोरले असतील तर त्यांचा जन्म तुमच्या गावाच्या नाही, ओझर्ड्याच्या नमुना १४ ला असणार. पणजीचं नाव शोधू नका, मुलाचंही नको. जन्माच्या नोंदीत बरेचदा नुसतं "मुलगा" असतं. पणजोबांचं नाव शोधा. कुणाच्या घरी बाळंत झाली ते कधीकधी शेऱ्यात लिहिलेलं असतं.

चिंचेचा पार
आजोबा थोरलेच. सोमवारी तहसीलला अर्ज टाकतो, भाऊसाहेब. अर्जात नमुना १४ एवढंच लिहायचं की सालंही द्यायची?

निवृत्त भाऊसाहेब
सालं द्या, १९१२ ते १९२०. नाहीतर "काय ते नेमकं सांगा" म्हणून परत पाठवतील.