आधी दुर्बिणीच्या हँडसेटमधली वेळ तपासा

गुहागरच्या पुळणीवर दोन तारे धरून आपोआप वळणाऱ्या दुर्बिणीचं अलाइनमेंट (तिला आकाशातल्या दिशा ओळखून देणं) 'यशस्वी' झालं, तरी मृगातला तेजोमेघ मागितल्यावर दुर्बीण भलतीकडेच वळली, असं तुम्ही लिहिलंय. मला आधी वेळेचा संशय येतो. बऱ्याच हँडसेटमध्ये (दुर्बिणीला हुकूम देणाऱ्या रिमोटमध्ये) तारीख महिना-दिवस-वर्ष अशी भरतात, आपण सवयीने दिवस आधी भरला की चुकतं. शिवाय 'डेलाइट सेव्हिंग' (परदेशात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात ती सोय) चालू राहिलं तर एका तासाची चूक होते, म्हणजे आकाशात तब्बल १५ अंश! मग दुर्बीण ताऱ्याजवळ जातच नाही आणि आपण शेजारचाच तारा मधोमध आणून एंटर दाबतो. माझे दोन अख्खे शनिवार असेच गेले.

ताऱ्यांची निवडही महत्त्वाची. जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास रोहिणी जवळजवळ डोक्यावर असते, तिथे आल्ट-अझिमथ माउंट (दुर्बीण वर-खाली आणि आडवी फिरवणारी बैठक) अडखळतो. त्यापेक्षा ब्रह्महृदय आणि व्याध घ्या; दोघांत अंतरही भरपूर आहे. तारा थोडा आउट ऑफ फोकस केला की गोल चकती दिसते, ती मध्यावर आणणं सोपं जातं.

आणि पुळण सोडाच. वाळूत ट्रायपॉडचे पाय हळूहळू रुततात, सगळी मेहनत वाया. सड्यावरचा (उघड्या पठारावरचा) कातळ उत्तम, फक्त दव फार पडतं, ड्यू शील्ड (भिंगापुढे लावायची दव अडवणारी नळी) हवीच.

एवढं जमलं की मे महिन्यात दहाच्या सुमारास ओमेगा सेंटॉरी नक्की मागा. गुहागरहून तो तारकागुच्छ दक्षिणेला जेमतेम २५ अंश वर येतो, पण समुद्राकडच्या काळोखात काय दिसतो म्हणून सांगू!