हिमोफिलियासाठी होमिओपॅथी: दादर-ठाणे पट्ट्यात अनुभवी डॉक्टर सुचवा

भांडुपची_आई
मुलगा ६ वर्षांचा. हिमोफिलिया ए (रक्त नीट गोठत नाही), सिव्हिअर, रक्त गोठवणारा फॅक्टर ८ एक टक्क्याहून कमी. परळला केईएममध्ये दाखवतो, फॅक्टर तिथूनच मिळतो. यंदा उजवा गुडघा सारखा रक्ताने भरतोय. शाळा बुडते, रात्री पायाखाली उशी घेऊन बसून राहतो, पाय सरळ करू देत नाही. सासूबाईंच्या ओळखीचे दादरचे एक होमिओपॅथ म्हणतात, ब्लीड कमी होतील. फॅक्टर बंद करणार नाही, हे आधीच सांगते. हिमोफिलियाची मुलं खरोखर हाताळलेले डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? महिन्याला २००० च्या आत बसवायचं आहे.

गिरगावकर
निश्चिंत मनाने सुरू करा. माझी मूळव्याध ऑपरेशनवर गेली होती, गोळ्यांनी रक्त थांबलं ते आजतागायत. हॅमामेलिस आणि आर्निका घरात हवंच. फॅक्टरची शरीराला सवय लागते, हळूहळू कमी करत न्या.

कल्याण_फास्ट
ताई, वरचं शेवटचं वाक्य कृपया मनावर घेऊ नका. मी स्वतः सिव्हिअर ए, वय ४१. फॅक्टरची सवय लागत नाही. आपल्या रक्तात तो नाहीच, म्हणून बाहेरून द्यायचा. आणि दिलेला अर्धा फॅक्टर साधारण १२ तासांत संपतो, लहान मुलांत त्याहून लवकर. माझ्या लहानपणी फॅक्टर सहज मिळत नव्हता, म्हणून काढे, लेप, पुड्या सगळं झालं. डावा गुडघा आज ९० अंशांपलीकडे वाकत नाही.
मुलाला एक विचारून ठेवा: सूज यायच्या आधी गुडघ्यात मुंग्या येतात का, आतून गरम वाटतं का? आम्हाला ते कळतं. तो म्हणाला "आतून होतंय" की तेव्हाच फॅक्टर. सूज दिसेपर्यंत थांबायचं नाही.

पवईचा_बाबा
तुम्ही अजून ऑन-डिमांडवर, म्हणजे ब्लीड झाल्यावरच फॅक्टर, का आहात? आम्ही एमिसिझुमॅब सुरू केलं, फॅक्टर ८ चं काम करणारं औषध. कातडीखाली इंजेक्शन, शीर शोधायची कटकट नाही, मुलगा आता सायकल चालवतो. महाग आहे, पण मुलापुढे पैसा बघायचा नसतो. होमिओपॅथीत वेळ घालवू नका.

भांडुपची_आई
दादा, पैसा बघावाच लागतो. २००० म्हटलंय ते उगाच नाही.

रेवा_ठाणे
मला फॉन विलेब्रांड आहे, रक्त नीट न गोठण्याचाच दुसरा आजार. वयात आल्यापासून पाळीत प्रचंड रक्तस्राव. कॉलेज संपेपर्यंत होमिओपॅथीच चालू होती, हिमोग्लोबिन ६ वर आलं तरी "गर्मी आहे, निघून जाईल." कुणी रक्ताची तपासणीच सांगितली नाही. शेवटी दाढ काढल्यावर रक्त थांबेना, तेव्हा निदान झालं. पाळीत रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्सॅमिक ॲसिड सुरू झाल्यावर मी पहिल्यांदा त्या दिवसांत ऑफिसला गेले. त्या गोड पुड्यांचा मला आजही राग येतो.

गिरगावकर
हा आजार बायकांना होत नाही.

रेवा_ठाणे
फॉन विलेब्रांड बायका-पुरुष दोघांनाही होतो. आणि हिमोफिलियाच्या वाहक बायकांचा फॅक्टरही कमी असू शकतो. भांडुपच्या ताई, तुमचीही पातळी तपासून घ्या. पाळी जास्त जात असेल तर नक्कीच.

सातारची_मावशी
आर्निका चांगलं, आमच्याकडे सगळे घेतात. लागलं-खरचटलं की लगेच. आणि डाळिंब द्या, रक्त वाढतं.

परळ_रात्रपाळी
परिचारिका आहे. रक्त वाढणं वेगळं, गोठणं वेगळं. डाळिंब द्या खुशाल, गुडघ्यातला ब्लीड त्याने थांबणार नाही.
आता मुद्द्याचं. एकाच गुडघ्यात पुन्हा पुन्हा येतंय, म्हणजे सांध्याचं अस्तर सुजून राहिलेलं असू शकतं, किंवा इनहिबिटर. म्हणजे दिलेला फॅक्टर शरीरच निकामी करतं. सिव्हिअर ए मध्ये हे बरंच दिसतं. केईएमच्या आवारातच आयसीएमआरची रक्तविकारांची संस्था आहे, इनहिबिटरची तपासणी तिथे होते. आधी ती करा. नेहमी लागेल तेव्हाच न देता ठरलेल्या वारी थोडा फॅक्टर देता येईल का, हेही ओपीडीत थेट विचारा. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, गर्दीच तशी असते.
दुखण्याला पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. दंडात-मांडीत स्नायूत इंजेक्शन नको. डोक्याला लागलं तर आधी फॅक्टर, स्कॅन नंतर.

कल्याण_फास्ट
शब्दाशब्दाला अनुमोदन. आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. २०१६ च्या कायद्यात हिमोफिलिया आहे.

अभ्यासू_मुलुंड
होमिओपॅथीच्या बाजूने २०१२ चा एक अभ्यास दाखवतात, म्हणून सांगतो. २८ रुग्ण. सगळ्यांना पहिलं वर्ष औषध नसलेल्या गोळ्या, दुसरं वर्ष औषधाच्या. दुसऱ्या वर्षी फॅक्टर कमी लागला. पण दुसऱ्या वर्षी रुग्ण जास्त जपून वागले की औषधाने गुण आला, हे अशा मांडणीतून वेगळं काढता येत नाही. आणि त्यातसुद्धा नेहमीचे उपचार दोन्ही वर्षं चालूच होते. ३० पोटन्सी म्हणजे शंभरपट पातळ करणं तीस वेळा, मूळ द्रव्याचा रेणूही उरत नाही. माझं मत: नको.

गिरगावकर
मला गुण आला. रेणू मोजून नाही आला.

भांडुपची_आई
सगळ्यांचे आभार. इनहिबिटरची तपासणी या आठवड्यात करतोय, वारी फॅक्टर देण्याचंही विचारणार आहे. माझी पातळीपण बघून घेते.
तरी दादरच्या डॉक्टरांकडे जाणार आहे. तुमच्यातल्या बहुतेकांना पटणार नाही. पण सासूबाई रात्ररात्र त्याच्या पायाशी बसतात, त्यांचा यावर विश्वास आहे, आणि घरात रोज भांडून मला त्याचं करता येणार नाही. माझी अट त्यांनी मान्य केलीय: "आतून होतंय" म्हणाला की आधी परळ, गोळी नंतर.

परळ_रात्रपाळी
मग औषधाचं नाव आणि पोटन्सी चिठ्ठीवर लिहून घ्या, बिननावाची पुडी घेऊ नका. दुखण्याच्या पुडीत वेदनाशामक मिसळलेलं निघालं तर याला धोका आहे. ती चिठ्ठी केईएमच्या फाइलला लावा.

कल्याण_फास्ट
आणि रिपोर्ट आला की इथे कळवा.